मुजफ्फरची माती

मुजफ्फर आतार मेल्याचा निरोप घेऊन कुंडलिक हवालदार भोरमधल्या त्याच्याच दुकानात आले, तेव्हा मुजफ्फर स्वतःच उकिडवा बसून पानशेतच्या एका बंगल्याचं फाटक जोडत होता. त्यानं वेल्डिंगची काच डोळ्यांपुढून बाजूला केली. हवालदारांनी हातातला कागद वाचला, त्याच्याकडे पाहिलं आणि कागद पुन्हा वाचला.

"मुजफ्फर उस्मान आतार म्हंजी तूच न्हवं?"

"मीच की. तुमी वळकत न्हाई व्हय मला?"

"वळकतो म्हनून तर इचारतोय, बाबा."

कागदात लिहिलं होतं की मस्कतमध्ये एका इमारतीच्या परांचीवरून पडून मुजफ्फर उस्मान आतार हा कामगार मरण पावला. मयत विमानानं मुंबईला येणार होती आणि ती आईनं, म्हणजे जमीला उस्मान आतार हिनं, ताब्यात घ्यायची होती. बापाचं नाव, जन्मतारीख, भोरचा पत्ता, सगळं बिनचूक होतं. मुजफ्फर मात्र उभ्या आयुष्यात मुंबईच्या पुढं गेला नव्हता.

जायचं मात्र एकदा ठरलं होतं. लग्नाआधी, सत्त्याण्णव सालच्या सुमाराला, म्हणजे तीनेक वर्षांपूर्वी. हायवेवर कापूरहोळजवळ राहणारा अन्वर बरीच वर्षं आखातात गाडी चालवून परत आला होता आणि पुण्यातल्या एका ऑफिससाठी पोरं जमवत होता. मुजफ्फरनं त्याच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला दिला, रेशनकार्ड दिलं, फोटो दिले. ऑफिसवाल्यांनी मागितल्या म्हणून कोऱ्या कागदांवर सह्याही करून दिल्या. पुढं काही महिन्यांनी अन्वर म्हणाला, व्हिसा आला नाही. रेशनकार्ड परत आलं, दाखला आला नाही. मुजफ्फरनं शाळेत अर्ज करून दुसरा दाखला काढला. तोही खराच होता. पहिला कुठं राहिला, हे त्यानं विचारलं नाही. भोरात कुणीच असलं काही विचारत नसे.

हवालदार गेल्यावर तो तसाच हात न धुता अन्वरकडे गेला. अन्वरनं त्याला घरात घेतलं नाही, ओट्यावरच बोलला.

"म्या कागद पुन्याला पोचते केले. ते हापीस कवाच उठलं. तितं आता साड्यांचं दुकान हाय."

"पन माझ्या नावावर गेला कोन, अन्वरभाई?"

"आसंल कुनीतरी. कुनाचं वय बसायचं न्हाई, कुनाकडं दाखलाच नसायचा. आसली पोरं लई यायची तितं. तुझा दाखला लागला आसंल एखाद्याला."

"तुमी चला माझ्यासंगं ठाण्यात. एवढंच सांगा."

अन्वरनं आत पाहिलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. "माझ्या लेकी उजवायच्या हायेत अजून," तो म्हणाला. "माझं नाव नको घिऊस, मुजफ्फर. घेतलंस तर मी न्हाई म्हननार."

मुंबईला मुजफ्फर आईला घेऊन गेला. आईचंच नाव कागदावर होतं. शेजारच्या रोहिदासचा टेम्पो होता. जमीला बांगड्या विकायची. तिनं आयुष्यभर वेल्ह्याच्या, विंझरच्या बाजाराला एस.टी.नं टोपली नेली होती, पण मुंबई तिनं कधी पाहिली नव्हती. वाटेत ती एकदाच बोलली. "जाऊन सांगायचं, माझं पोरगं जितं हाय, आन परत यायचं." मुजफ्फरच्याही मनात तेवढंच होतं.

विमानतळाच्या माल उतरवायच्या बाजूला एका खिडकीशी त्या दोघांना बसवलं. तिथला कारकून भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मुजफ्फरचं रेशनकार्ड पाहिलं, आणि कपाळ चोळत म्हणाला, "तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण मग ही मयत मी तुम्हाला देऊ शकत नाही. ही कुणाची हे ठरेपर्यंत ती शवागारात जाईल. कागद दिल्लीला जातील, तिथून मस्कतला."

"मग?"

"मग काय. वाट बघायची. मागं एक असाच आला होता. शेवटी बेवारस म्हणून विल्हेवाट लावली."

जमीलाला बेवारस हा शब्द कळला. ती उठली आणि म्हणाली, "मला त्वांड बघू द्या."

पेटीच्या झाकणाला तोंडाशी काच होती. जमीला वाकून बराच वेळ बघत राहिली. मुजफ्फरनंही पाहिलं. सावळा पोरगा होता. भुवईवर टाके घातले होते. तो मुजफ्फरसारखा अजिबात दिसत नव्हता आणि त्याच्याहून कितीतरी लहान होता.

"मिशी बी धड फुटली न्हाई," जमीला म्हणाली. मग कारकुनाकडे वळून तिनं विचारलं, "अंगठा कुटं करायचा?"

मुजफ्फरनं तिचा दंड धरला. "अम्मा, तू अंगठा केलास तर मी मेलो आसं हुईल."

"तू माझ्यापुढं हुबा हायेस. हे लेकरू कुनाच्या दारात टाकनार हायेत? बेवारस म्हनत्यात त्याला. मागनं सांगू की सायबास्नी, म्हातारीची चूक झाली म्हनून."

तिला खरोखरच तसं वाटत होतं. मुजफ्फरला तसं वाटत नव्हतं, तरी त्यानं तिचा हात सोडला. का सोडला, हे त्याला पुढं पोलिसांनी विचारलं, वकिलानं विचारलं, बायकोनं तर कितीदा विचारलं. काचेखालचं ते तोंड एकदा पाहिल्यावर त्याच्या हातात जोर उरला नव्हता. त्याला एवढंच सांगता यायचं आणि ते कुणाला पटायचं नाही.

भोरला मातीला मोजकी माणसं आली. गुस्ल, म्हणजे मयतीची शेवटची अंघोळ, मशिदीतल्या वाजिदचाचांनी घातली. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. मुजफ्फरला भिंतीकडे नेऊन ते हळूच म्हणाले, "ह्याचा धर्म कोनता, ते मी सांगत न्हाई. तू बी इचारू नगंस. नमाज मी पढतो." आणि त्यांनी ती पढली. कबरस्तानाच्या वहीत मुजफ्फर उस्मान आतार असंच नाव पडलं, कारण सोबतच्या सगळ्या कागदांवर तेच नाव होतं.

पेटीबरोबर एक बॅगही आली होती. तिच्यात दोन शर्ट, एक कंगवा आणि रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट होती. मुजफ्फरच्या बायकोनं, हीनानं, ती घरच्या टेपवर लावली. त्यात एक बाई बोलत होती. मध्येच एक मूल खोकत होतं, हसत होतं. भाषा कुणालाच कळेना.

मुजफ्फर तो टेप घेऊन हायवेच्या धाब्यांवर जाऊ लागला. तिथं सगळ्या मुलखाचे ट्रक थांबत. कुणी म्हणे ओरिसाची भाषा, कुणी म्हणे मद्राशी. शेवटी एका टँकरवाल्यानं कॅसेट सुरू होताच हातातला चहा खाली ठेवला. भाषा त्याची होती, तेलुगू. त्यानं सगळी कॅसेट ऐकली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. सासूचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. कालव्याला पाणी नाही. पोर भिंत धरून चालायला लागलं. तिकडं उन्हात डोकं झाकत जा. कधी येणार?

"उसका नाम क्या बोली?" मुजफ्फरनं विचारलं.

टँकरवाला कसनुसा हसला. "घरवाली है. मरद का नाम कैसे लेगी?"

गावाचंही नाव तिनं घेतलं नव्हतं. आपलं गाव कुठलं, हे नवऱ्याला कोण सांगतं? टँकरवाल्यानं बोली ऐकून दोन-तीन जिल्ह्यांची नावं सांगितली, तेवढीच. एकेक जिल्हा म्हणजे कितीतरी भोर आणि कितीतरी वेल्हे. ती बाई अजून कुठंतरी नवऱ्याच्या निरोपाची वाट बघत असणार, आणि तिचा नवरा आतारांच्या कबरस्तानात निजला आहे हे तिला सांगायला वाट नव्हती.

इकडं मुजफ्फरचं मरण हळूहळू पसरत गेलं. कबरस्तानाच्या वहीतून ते नगरपालिकेच्या मृत्यूनोंदीत गेलं. बँकेनं त्याचं खातं थांबवलं. मॅनेजर त्याला ओळखत होते. त्यांच्या घराच्या खिडक्यांना त्यानंच ग्रिल बसवलं होतं. ते म्हणाले, "मला दिसतंय हो तुम्ही जिवंत आहात. पण मला दिसून उपयोग नाही." मतदारयादीतून नाव गेलं. रेशनकार्डावर त्याच्या नावापुढं लाल रेघ आली. त्याच रेशनकार्डाच्या कामाला हीना तहसील कचेरीत गेली तेव्हा तिथल्या माणसानं तिला बाजूला घेऊन आपुलकीनं सांगितलं, "ताई, ह्यांना जिवंत करायला वर्षं जातील. त्यापेक्षा निराधार योजनेत अर्ज करा. विधवा म्हणून तुमचं लगेच हुईल."

हीना घरी येऊन भाकरी थापायला बसली. मुजफ्फर बाजूलाच होता. थापता थापता ती एकदम म्हणाली, "अवो, तुमी त्या दिशी अम्मांचा हात धरून का न्हाई ठेवला?" त्यानंतर हा प्रश्न त्या घरात कधी मिठासारखा, कधी खड्यासारखा येत राहिला.

शेवटी त्यानं पोलिसांकडे लेखी तक्रार दिली, की माझं नाव चोरलं गेलं आहे. साहेबांनी ती शांतपणे वाचली.

"पासपोर्ट तुझ्या दाखल्यावर निघालाय, भलत्याच शहरातून. दाखला तूच दिलास. सह्या तुझ्या. मयत तुझ्या आईनं मुलगा म्हणून घेतली. मग चोर कोण लिहू?"

"अन्वरनं कागद नेले व्हते, सायेब."

अन्वरला बोलावलं. अन्वर म्हणाला, मी ह्या माणसाला तोंडओळखीनं ओळखतो, कागदाबिगदाचं मला ठाऊक नाही. बोलताना त्यानं मुजफ्फरकडे पाहिलं नाही.

चौकशी झाली ती मुजफ्फरचीच. आपली कागदपत्रं दुसऱ्याला वापरायला दिली आणि खोटी ओळख पटवून मयत ताब्यात घेतली, असा गुन्हा त्याच्यावर आणि जमीलावर दाखल झाला. मस्कतच्या कंपनीची भरपाई लाटायचा बेत असणार, असंही कुणी बोललं. कंपनीकडून कधी चार ओळींचं पत्रही आलं नव्हतं. कोर्टात जमीलाला विचारलं, तुम्ही अंगठा केला का? ती म्हणाली, "व्हय, केला की. त्याला कुनी न्हवतं, सायेब." वकिलानं डोळे मिटून घेतले.

तारखा पडत गेल्या. भोरात नवीन पोरं आखातात जायला निघत, तेव्हा मुजफ्फर त्यांना गाठायचा. अस्सल दाखला हातातून सोडू नका, झेरॉक्स द्या. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून कशासाठी आणि कुणाला दिली ते लिहा. कोऱ्या कागदावर सही करू नका. दिलेला कागद परत आला नाही तर त्याच दिवशी बोंब मारा. पोरं मान हलवत. मग आपसांत म्हणत, ज्याच्यावर केस चालू आहे तो आपल्याला शिकवतो. उत्रोलीचा एक पोरगा तर सरळ म्हणाला, "मुजफ्फरभाई, एजंट म्हनतो अस्सल दिल्याबिगर काम हुत न्हाई. तुमी लावता का काम?" पुढच्याच आठवड्यात त्यानं दाखला दिला.

दोन हजार सात साली जमीलावरचा खटला वयाकडे बघून निकालात निघाला. मुजफ्फरचा राहिला. तो जिवंत आहे असं ठरवून घ्यायला दिवाणी दावा वेगळा लावावा लागेल, असं वकील म्हणाला. त्याला कुणी कामाचा चेक देऊ केला की तो हीनाच्या नावानं घ्यायचा, दुकानाचं वीजमीटर हीनाच्या नावानं आणि मुलीच्या शाळेत सह्याही हीनाच्याच. तो स्वतः फाटकं जोडायचा आणि संध्याकाळी घरी यायचा.

तोवर जमीलाचं डोकं फिरल्यासारखं होऊ लागलं होतं. आधी ती टोपली कुठं ठेवली ते विसरायची, मग बाजाराचा वार. नंतर ती कबरस्तानाच्या भिंतीशी जाऊन बसू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझा मुजफ्फर हितं हाय. परांचीवरनं पडला. म्या अंगठा केलाय." लोक मुजफ्फरला निरोप द्यायचे आणि तो तिला हाताला धरून घरी आणायचा. सुरुवातीला तो वाटेत तिला समजवायचा, अम्मा, मी हाय, मी मुजफ्फर. ती त्याच्याकडे नीट बघायची, आणि मग तिच्या तोंडावर अशी भीती यायची की त्यानं तेही बोलणं सोडलं.

एका दुपारी ती ओट्यावर बसली होती. तो जेवून तिच्याजवळ टेकला. तिनं त्याला विचारलं, "तुमी कुनाचे वो?"

हीना आतून म्हणाली, "सांगा की त्यास्नी."

त्यानं मानेनं नको म्हटलं. जमीला आपण होऊनच बोलायला लागली. तिचा एक मुलगा होता. लोखंडाचं काम करायचा. पहिल्यांदा वेल्डिंग शिकला तेव्हा रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखा रडत होता, तिनं त्याच्या पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या होत्या. लई मायाळू. दुसऱ्याच्या मुलखात गेला आणि गेला तो गेलाच. सांगता सांगता ती पदर तोंडाला लावून रडू लागली.

मुजफ्फर तिच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. मग तो म्हणाला, "लई वाईट झालं, मावशी."