खालचा अलार्म

दंडाला ती चकती चिकटवल्यापासून मास्तरणीच्या डोक्याला नुसता ताप झाला होता. चकतीचा नव्हे हं. चकती बिचारी कोटाच्या बटणाएवढी. आत केसासारखी बारीक तार, तिने साखर मोजायची आणि मोबाइलला कळवायची, एवढंच तिचं काम. ताप होता नवऱ्याचा.

डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या होत्या. "साखर काठावर आहे. पन्नाशी जवळ आली की शरीर जरा लहरी होतं. काही दिवस ही लावा. भूक कधी लागते, काय खाल्लं की काय होतं, तुमचं तुम्ही बघा." तुमचं तुम्ही! पण घरी येताच नवऱ्याने मोबाइल तिच्या हातातून काढून घेतला. "आण इकडे, तुला नाही जमायचं." जिला कागदाच्या एका पट्टीवर सगळ्या मापांच्या शर्टांचे नमुने असे बसवता येतात की मध्ये चिंधीसुद्धा उरू नये, तिला म्हणे चार बटणं दाबायला जमायचं नाही! पण दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते, वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. दिला तिने. त्याने ते ॲप दोघांच्याही मोबाइलवर टाकलं आणि तेव्हापासून तिच्यामागे पोलीस लागला.

आकडा वर गेला की ऑफिसात त्याचा मोबाइल कोकलायचा, आणि लगेच इकडे त्याचा फोन.

"काय खाल्लंस?"

"चहा. दोन बिस्किटं."

"दोनच? की पुडा?"

"अहो, मशीन चालू आहे, ठेवा फोन."

"मशीनही चालू आणि तोंडही चालू!" आणि मागे त्याच्या ऑफिसातल्या चौघांचं खिदळणं.

एकदा तर तिने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. कापड पुरवणाऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं आणि आकडा चढला तो रागाने. नवऱ्याला पटेल तर शपथ. "रागाने साखर वाढते? मग तू आतापर्यंत साखर कारखाना झाली असतीस!" मेल्याला विनोद बरे सुचायचे.

रात्रीचं तर विचारूच नका. जेवण झाल्यावरही तिला भूक लागायची, खरीखुरी, पोटात खड्डा पडल्यासारखी. भांडी आवरली की ती ओट्याशी उभी राहून ब्रेड खायची, शेंगदाणे खायची, पातेल्याला चिकटलेलं खायची, आणि लाज वाटून भराभर खायची. "पोट आहे की गोदाम?" तो विचारायचा. पाहुण्यांसमोरही विचारायचा. वर्षानुवर्षं हेच ऐकून तिलाही वाटायला लागलं होतं की आपण हावरट आहोत. तिला सगळ्यात जास्त संताप यायचा तो याचाच, की हे तिला खरं वाटायला लागलं होतं.

ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायची. कापणाऱ्या पुरुषाला मास्तर म्हणतात, म्हणून ती मास्तरीण. त्या टेबलाशी उभी राहिलेली ती पहिलीच बाई, आणि आता कापणारी ती एकटीच. लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वर नमुन्याचा कागद, आणि मग उभ्या पात्याचं मशीन हाताने ढकलत सगळे थर एकदम कापायचे. डाव्या हातात लोखंडी कड्यांचा मोजा, कारण पात्याला कापड काय आणि बोट काय, सारखंच. आणि मालकांचा एक नियम: थर लागले की कापून होईपर्यंत टेबल सोडायचं नाही. थर हलले तर गठ्ठाच्या गठ्ठा वाया.

बाकीच्या बायका एक वाजला की डबे उघडायच्या. मास्तरणीचा डबा उघडायचा तो तीनला, साडेतीनला, कधी चारला. तोवर कळ काढायची म्हणून अकराच्या सुमारास, थर लागायच्या आधी, गोड चहा आणि बिस्किटं, तीही उभ्याउभ्या, कापडापासून लांब. तक्रार करायची सोय नव्हती. मालक टपलेलेच होते. जरा ती थकलेली दिसली की, "बाई, वय झालं, बटणांवर बसा आता." बटणं म्हणजे कोपऱ्यातलं स्टूल, निम्मा पगार आणि दिवसभर खाली मान. त्या टेबलासाठी ती तरुणपणी भांडली होती. ते तिला जीव गेला तरी सोडायचं नव्हतं.

त्या दिवशी जाड निळं कापड होतं. कॉलरच्या वळणाशी आली आणि तिचे हात थरथरायला लागले. कपाळावर गार घाम फुटला. कागदावरच्या एका रेघेच्या दोन रेघा दिसायला लागल्या. जाईल ही चक्कर, म्हणून तिने दात आवळले आणि मशीन ढकललं. पातं रेघ सोडून गेलं, कर्रकन आवाज झाला, आणि मोज्याच्या कड्या तुटून टेबलावर उडाल्या. बोटाला नुसतं खरचटलं होतं. पण तिने मोजा ओढून काढला आणि बोटं मोजली. खरंच मोजली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कापड अंथरणारी तिची जोडीदारीण होती, तिला सगळे चष्मिस म्हणायचे. तिने धावत येऊन मशीन बंद केलं, मास्तरणीला खाली बसवलं आणि तिच्या तोंडात लिमलेटची गोळी कोंबली. "अगं, तो तुझा मोबाइल बघ, काय म्हणतोय!"

मोबाइल काहीच म्हणत नव्हता. गप्प पडला होता. उघडला तर आत लाल अठ्ठावन्न, आणि खाली तोंड केलेला बाण.

मालक आले. आधी कापड बघितलं, मग मोजा, मग तिला. "आज मोजा फाटला, उद्या हात जाईल, आणि पोलीस माझ्या दारात. ते काही नाही बाई. उद्याचा एवढा गठ्ठा उरकून द्या, मग परवापासून बटणं."

 गोळी चघळत तिने मोबाइलवरची रेघ बोटाने मागे सरकवली. रोज तेच! सकाळी चहा-बिस्किटांनी रेघ वर उडायची, दुपारी धाडकन खड्ड्यात पडायची, आणि रात्री पुन्हा डोंगर. रात्री ती खा-खा करायची ती दुपारची भूक होती. हावरटपणा कसला डोंबलाचा! ती उपाशी होती. इतकी वर्षं ती साधी उपाशी होती.

पण मग हा मेला मोबाइल वाजला का नाही?

संध्याकाळी घरी नवरा टीव्हीसमोर पाय पसरून बसला होता. तिने चपलाही काढल्या नाहीत.

"वर गेलं की तुमच्या ऑफिसभर ऐकू जातं. आज अठ्ठावन्नवर आलं, तर वाजलं का नाही?"

"खालचा अलार्म बंद केलाय मी," तो टीव्हीकडे बघतच म्हणाला.

"कधी?"

"लगेचच. तू त्याच कुशीवर झोपतेस, चकती दबते, आकडा उगाच खाली दाखवतो, आणि ते बोंबलत सुटतं. माझी झोप मोडत होती. दोन्ही मोबाइलवर बंद करून टाकला."

"मला सांगितलं नाहीत."

"त्यात सांगायचंय काय? खालच्याची तुला गरजच काय? तुझं दुखणं खाण्याचं आहे, न खाण्याचं थोडंच!"

तिने टीव्ही बंद केला. खरचटलेलं बोट त्याच्या नाकासमोर धरलं. आवाज चढवायचा नाही असं ती जिन्यात ठरवून आली होती, पण तो चढलाच.

"हे आज गेलं असतं! तुमच्या झोपेपायी गेलं असतं! दिवसातून दहा वेळा फोन करता. काय खाल्लंस, काय खाल्लंस, काय खाल्लंस. जेवलीस का, असं कधी विचारलंत? एकदा तरी?"

 तो हात पुढे करून म्हणाला, "बरं बाई, चुकलं. आण इकडे, चालू करून देतो."

"हात लावू नका त्याला!"

तिने स्वतःच चालू केला. मग त्या ॲपमधून त्याचं नाव काढून टाकलं. दोन बटणं दाबावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने थर लावले. माल न्यायला गाडी दुपारी यायची होती. निम्मं कापून झालं आणि एक वाजला. मास्तरणीने मशीन बंद केलं, उरलेल्या थरांना चारी बाजूंनी चिमटे लावले, वर वजनं ठेवली, हात धुतले, आणि बाकीच्या बायकांमध्ये बसून डबा उघडला. सगळ्यांचे घास हातातच राहिले. चष्मिस तेवढी "सरका गं, मलाही जागा द्या" म्हणत शेजारी येऊन टेकली.

मालक केबिनमधून धावतच आले. "बाई! टेबल सोडलंत? थर हलले म्हणजे?"

"हलले तर परत लावीन. बोट परत लावता येत नाही."

"गाडी येतेय!"

"येऊ दे. थांबेल."

"असं असेल तर आत्ताच बटणांवर बसा!"

"बसते की," मास्तरीण म्हणाली. "मग ते कोण कापणार? तुम्ही?"

मालकांनी टेबलाकडे बघितलं. निळं कापड, चिमटे, वजनं, मध्येच थांबलेलं पातं. मग ते सगळ्या बायकांकडे बघत राहिले. एकीनेही मान खाली घातली नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मालकांचा आवाज एकदम खाली आला.

"किती वेळ लागेल तुम्हाला?"

मास्तरणीने घास सावकाश चावला, गिळला, आणि दुसरा उचलला.

"पोट भरेपर्यंत," ती म्हणाली.