जांभळी गुळणी

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात एका वकिलांनी गुळणी केली आणि बेसिन जांभळं झालं. वकील बोलण्यात कुणाला हार जाणारे नव्हते, पण आपल्या तोंडातून हे काय बाहेर पडलं म्हटल्यावर त्यांची बोलतीच बंद झाली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आरसा दाखवला, दात-हिरड्या सगळं जागच्या जागी आहे म्हणून समजूत काढली आणि नळ सोडून पाहिला. बारीक धार येत होती, आणि तीच जांभळी होती. त्यांनी सूनबाईला फोन लावला.

सूनबाई प्लंबर होती. त्या इमारतीचे सगळे पाइप तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे मिस्त्रींनी, तीस वर्षांपूर्वी टाकलेले. ते थकल्यावर तिनं काम हाती घेतलं, आणि मिस्त्री सूनबाई म्हणतात म्हणून सगळी इमारतच तिला सूनबाई म्हणू लागली. मिस्त्री आता घरी आराम करत, म्हणजे घरातला प्रत्येक नळ आठवड्यातून एकदा खोलून पुन्हा बसवत. जांभळ्या पाण्याचं कानावर पडलं तसे ते चपला घालून तिच्या आधी दारात उभे राहिले.

आपल्या पाइपांत दोष निघायचाच नाही, हे त्यांचं रस्ताभर चाललं होतं. सूनबाईच्या मनात वेगळीच शंका होती. गेल्या वर्षी तिनं एक अभ्यासक्रम केला होता. मोठ्या इमारतींत घाण पाणी उलटं फिरून पिण्याच्या पाइपात शिरू शकतं, ते कसं अडवायचं, हे तिथं शिकवलं होतं. मिस्त्री त्यावर महिनाभर हसले होते. आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या सूनबाईचं पाणी उलटं वाहतं." आता तिला वाटत होतं तेच निघालं तर ह्या माणसाला सांगायचं कोणत्या तोंडानं?

इमारतीसमोर रस्ता खणलेला होता. कामगारांनी सांगितलं, की पाणी साडेनऊला बंद केलं होतं, ते आत्ताच सोडलं. सूनबाईनं मान डोलावली आणि थेट तिसरा मजला गाठला. तिथं सगळ्यात वर केस कापण्या-रंगवण्याचं पार्लर होतं.

पार्लरवाली मोकळ्या मनाची बाई. तिनं काही लपवलं नाही. रंगाच्या वाट्या धुवायला बादलीत टाकल्या होत्या. नळाला पाणी नव्हतं, म्हणून शॉवरची नळी बादलीत बुडवून नळ उघडाच ठेवला होता. पाणी आलं की आपोआप भरेल. "पण पाणी नळातून बादलीत येतं," ती म्हणाली, "बादलीतून नळात कसं जाईल?"

"हिलाच विचारा," मिस्त्री खुशीत म्हणाले.

सूनबाईनं वाद घातला नाही. नळी पुन्हा रंगीत पाण्यात बुडवली, नळ उघडा ठेवला आणि मिस्त्रींना बादलीपाशी स्टुलावर बसवलं. मग खाली जाऊन मेन कॉक बंद केला, धापा टाकत परत वर आली आणि डॉक्टरीणबाईंना फोनवरून नळ सोडायला सांगितलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मिस्त्रींच्या ओठांवर हसू फुटायला लागलं. तेवढ्यात बादलीतलं पाणी हलकेच खाली सरकलं. एक बोट, दोन बोटं. मिस्त्रींनी बाही वर करून हात आत घातला, तशी नळीनं त्यांचा तळवा ओढून धरला. त्यांनी हात सोडवला, पुन्हा लावला, पुन्हा सोडवला. खालून वकिलांचा आवाज आला, की जांभळं आलं, आणि गरज पडली तर आपण साक्ष द्यायला तयार आहोत.

मिस्त्री जांभळ्या हाताकडे बघत बसले. सूनबाईनं टॉवेल पुढं केला.

"पाणी बंद असताना खालचा नळ उघडला की वरचा पाइप रिकामा होतो," ते सावकाश म्हणाले, "आणि रिकामा पाइप सापडेल ते ओढतो. इतकी वर्षं पाइप जोडले, हे डोक्यात कसं आलं नाही माझ्या?"

"तेव्हा अशा नळ्याच नव्हत्या, बाबा."

"होत्या. मीच बसवल्यात." आणि ते हसायला लागले. खरंखुरं, पोट धरून हसले. पार्लरवालीही हसली, आणि सूनबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला.

दुपारपर्यंत त्यांनी नळीच्या जोडावर पाण्याला परत फिरू न देणारा व्हॉल्व्ह बसवला, दवाखान्याच्या फाट्यावर दुसरा लावला आणि सगळे पाइप स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू दिले. नळीचं तोंड बादलीत बुडवायचं नाही, काठाच्या वर टांगायचं, अशी पार्लरवालीला तंबी मिळाली. सूनबाईनं जोडावर टेप गुंडाळला तेव्हा मिस्त्रींनी तो कमी आहे म्हणून उलगडायला लावला. इमारतीचे मॅनेजर आले, त्यांना मिस्त्रींनी स्वतःहून सांगितलं, की चूक जुनी आणि आपली आहे, आणि ती सुनेनं पकडली.

परत जाताना ते बोटांवर काहीतरी मोजत होते. आपण पाइप टाकलेल्या आणखी नऊ इमारती उभ्या आहेत, आणि त्यातल्या एकीत तर लॉन्ड्री आहे, ते म्हणाले.

"उद्या किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

"आठला," सूनबाई म्हणाली.

"साडेसातला निघू. लॉन्ड्रीवाला लवकर उघडतो."