थोरली येईपर्यंत

देझिलियाच्या उजव्या अंगठ्यावरच्या रेषा मधोमध पुसट झाल्या होत्या. कडेच्या शाबूत होत्या. मधला भाग मात्र झिजलेल्या साबणासारखा गुळगुळीत. वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात वर्षानुवर्षं ब्लीचमध्ये चादरी भिजवल्याचा तो परिणाम. ठसे घेणाऱ्या बाईने यंत्राची काच पुसली, अंगठा पुन्हा दाबून पाहिला आणि म्हणाली, "परत बोलावू. तेव्हा आला नाहीत, तर अर्ज सोडून दिला असं धरतात."

अर्ज साधा होता. हैतीत माणसं परत पाठवण्यासारखी परिस्थिती नाही, तोवर इथे अमेरिकेत राहू द्या. पण निकाल लागेपर्यंत परवानगीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकलं, की सगळं संपलं. आणि तिकडे हैतीतल्या लेंबे गावच्या शवागारात तिची आई थोरल्या लेकीची वाट पाहत होती.

त्यात वावगं काही नव्हतं. परदेशातलं लेकरू पोचल्याशिवाय माती द्यायची नाही, अशी त्यांच्याकडची रीत. माणसं महिना-दोन महिने थांबतात. आईच्या अंगावर शेवटचा पोशाख थोरलीनेच चढवायचा. पहिल्याच फोनवर देझिलिया म्हणाली होती, "येते." मयताच्या घरी दुसरं काही बोलतच नाहीत, म्हणून ते आपसूक तोंडातून निघालं. त्या एका शब्दावर धाकट्या भावाने, एलिफेतने, अंत्ययात्रेचा बँड सांगितला, पाद्री ठरवला आणि मग दोन्ही पुढे ढकलले. दोनदा.

चर्चच्या तळघरात लोकांचे अर्ज भरून देणाऱ्या मादाम सेंतिलना तिने विचारलं, "परवानगी मिळेल?"

"मागितली आहे. मृत्यूचा दाखलाही जोडलाय. उत्तर कधी येईल ते मात्र मला विचारू नकोस, बाई."

"आणि तशीच गेले तर?"

"तर तिकडेच राहायच्या तयारीने जा. नाइकाचं काय करायचं, तेही ठरवून जा."

नाइका तिची लेक. ब्रॉक्टनच्या शाळेत तिसरीत होती.

रविवारी सकाळी एलिफेतचा फोन आला. देझिलिया भोपळा सोलत होती, म्हणून तिने तो ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला. घरात सोबत राहणारी इव्रोझ सूपसाठी मांस उकळत होती.

"ताई, तिकीट काढलंस?"

"बघते."

"बघते, बघते. आई फ्रिजमध्ये, तू बर्फात. उन्हात मी एकटाच."

इव्रोझला हसू आलं. तिने चटकन तोंड फिरवलं.

"लाइट आहे का तिथे?" देझिलियाने विचारलं.

"कसली लाइट? जनरेटरवर चाललंय. डिझेलची गाडी रस्त्यात अडवलीय म्हणतात. परवा दार उघडून पाहिलं... चेहरा ओळखू येतो. अजून तरी येतो."

गारव्याने नासणं थांबत नाही, फक्त लांबतं. हे देझिलियाला कुणी सांगण्याची गरज नव्हती. तिने सुरी खाली ठेवली.

"क्लोदेत मावशी काय म्हणते?"

"म्हणते, दुसऱ्या कुणी पोशाख चढवला, तर म्हातारी उठून काढून फेकेल."

"फेकेलही. जिवंतपणी कुणाला केसांना हात लावू दिला नाही तिने."

"तुला द्यायची," एलिफेत म्हणाला.

सूप उकळी फुटून वर आलं. इव्रोझने आच कमी केली आणि ती बाहेर निघून गेली.

"मावशीला फोन दे," देझिलिया म्हणाली.

"ती इथेच आहे. सगळेच आहेत. स्पीकरवर टाकलाय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी खोकलं. मावशी म्हणाली, "बोल गं पोरी. कोणत्या दिवशी उतरतेस?"

देझिलियाने ओले हात झग्याला पुसले.

"मी येत नाही, मावशी. पोशाख तू चढव. शनिवारी माती द्या तिला."