परब आणि पोरोबो

शालिनीचं लग्न झालं ते २००९ साल. वैशाखातलं लग्न, चोपड्याच्या देवळासमोरच्या मंडपात. शालिनीला भाऊ नव्हता, म्हणून नवऱ्याचा कान पिळायला गोकुळदास उभा राहिला. त्याने कान असा पिळला की नवरामुलगा कळवळला आणि बायका पोट धरून हसल्या. शालिनीचे वडील रघुनाथ परब येईल त्या पाहुण्याला सांगत होते, "माका झील नाय, ह्यो मेळलो."

गोकुळदास मूळचा सावंतवाडीकडचा. बाप डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. पोरगा शिकला, पण शिकून पुढे काय करायचं हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. रघुनाथांनी त्याला हाताला धरून साखळीच्या आपल्या संशोधन संस्थेत लावला. तीन वर्षं तो त्यांच्याच घरी राहिला, शालिनीच्या आईच्या, सुमंगलाबाईंच्या हातचं माशाचं हुमण-भात जेवला. पुढे त्याचं लग्न झालं, तो देवकीला घेऊन साखळीला राहू लागला. पण नोकरी पक्की नव्हती. सात वर्षं दर मार्चात नवा कागद यायचा आणि त्यावर तो सही करायचा.

रघुनाथ त्या संस्थेचे शास्त्रज्ञ. चोपड्याला नदीकाठी संस्थेच्या दोन खोल्या होत्या, तिथे ते बसत. काम काय, तर शापोरा नदीतले खुबे मोजायचे. दर अमावास्येला सुकती लागली, पाणी ओसरलं, की गुडघाभर चिखलात उतरायचं, ठरलेल्या अकरा जागी लाकडी चौकट टाकायची आणि चौकटीत सापडलेला प्रत्येक शिंपला मापून परत चिखलात ठेवायचा. गावातल्या खुबे काढणाऱ्या बायका त्यांना हसायच्या. म्हणायच्या, आम्ही काढतो ते खातो तरी, हा भटासारखा पूजा करून परत ठेवतो. तेही हसायचे. पण एकोणीस वर्षांत त्यांची एक अमावास्या चुकली नव्हती. नदीला काय होतंय ते एका वर्षात दिसत नाही, तीस वर्षांच्या नोंदींची सलग ओळ लागते, असं ते म्हणत. निवृत्तीआधी पंचवीस तरी पुरी करायची आणि पुढची गोकुळदासच्या हाती द्यायची, एवढंच त्यांना हवं होतं.

त्याच वर्षी संस्थेची तपासणी यायची ठरली. कुठलं काम ठेवायचं आणि कुठलं बंद करायचं, हे बाहेरची समिती ठरवणार होती, आणि ठरवणार होती नकाशा बघून. हा नकाशा डोंगरनद्यांचा नव्हे. त्यात प्रत्येक संशोधकाचा एक ठिपका. त्याच्या लेखांचा जेवढ्या वेळा आधार घेतला गेला, तेवढा ठिपका मोठा. आधार घेणाऱ्याकडून देणाऱ्याकडे एक रेघ. कोण कोणाच्या खांद्यावर उभा आहे, ते एका नजरेत कळावं. असा नकाशा काढायला शिकून यावं म्हणून संचालकांनी गोकुळदासला पंधरा दिवस पुण्याला पाठवलं होतं.

परत आल्यावर त्याने नकाशा काढला. नदी आणि खाडीच्या भागात एक मोठा ठिपका उमटला. नाव होतं पोरोबो. त्याला चिकटून एक बारका ठिपका, नाव परब. आणि परबच्या साऱ्या रेघा पोरोबोकडे गेलेल्या.

गोव्याच्या माणसाला हे समजावायला नको. रघुनाथ जन्मले पोर्तुगीज अमलात. फिरंगी कारकुनाने वहीत परबचं पोरोबो केलं, आणि घरात परब, कागदावर पोरोबो असं निम्मं आयुष्य गेलं. पहिले सगळे लेख त्यांनी पोरोबो म्हणूनच लिहिले. १९९२ साली शालिनीला शाळेत घालताना, पोरीच्या नशिबी तरी हे दोन नावांचं लचांड नको, म्हणून त्यांनी गॅझेटात छापून नाव बदलून घेतलं. पण गावातले जुने लोक अजून पोरोबोच म्हणत, म्हणून शालिनीच्या लग्नपत्रिकेवर दोन्ही नावं घातली होती. ती पत्रिका छापखान्यात बसून तपासली होती गोकुळदासनेच.

संगणकात एक यादी असते. अमुक नाव आणि तमुक नाव म्हणजे एकच माणूस, असं तिथे एका ओळीत लिहिलं की दोन ठिपक्यांचा एक होतो. संस्थेतल्या आणखी चौघांची अशी दोन-दोन नावं होती. त्या चौघांच्या ओळी गोकुळदासने लिहिल्या. पाचवी लिहायच्या वेळी त्याला संचालकांचे शब्द आठवले. चोपड्याच्या खोल्या बंद झाल्या तर तिथली एक मंजूर जागा साखळीला येईल, आणि नकाशे काढणारा माणूस आपल्याला कायमचा हवाच आहे. गोकुळदासने ओळ लिहिली नाही. चहा पिऊन आला, परत बसला, तरी लिहिली नाही.

कार्तिकात समिती साखळीला आली. अध्यक्ष दिल्लीचे, पण मराठी जाणणारे. त्यांनी भिंतीवर नकाशा बघितला आणि रघुनाथांना विचारलं की तुमचं सगळं काम या पोरोबोंच्या कामावर उभं दिसतं, यात तुमचं स्वतःचं काय? रघुनाथ हसले.

"पोरोबो म्हणजे मीच."

अध्यक्षही हसले. म्हणाले, "थोर माणसाशी एकरूप व्हावं, पण इतकं?"

समितीतले बाकीचे दोघे खाली मान घालून हसले. रघुनाथांनी फिरंगी वहीची गोष्ट सांगायला घेतली. ती लांबली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि नकाशा काढणाऱ्यालाच विचारलं की हे खरं का.

रघुनाथ त्याच्याकडे वळले. "गोकुळ, सांग रे तेंका."

गोकुळदासने कागद नीट लावले.

"मला कल्पना नाही, सर. माझ्या आधीची गोष्ट आहे ती."

 घरून गॅझेट घेऊन येतो म्हणाले आणि रघुनाथ उठले. साखळीहून म्हापसा, म्हापशाहून चोपडे, दोन बसगाड्या जायला आणि दोन यायला. परत आले तेव्हा समिती विमानतळाच्या वाटेला लागली होती आणि शिपाई खुर्च्या उचलत होता.

अहवालात लिहिलं होतं की चोपड्याचं काम म्हणजे दुसऱ्याच्या जुन्या कामाची पुनरावृत्ती आहे. पौषात खोल्यांना कुलूप पडलं. रघुनाथांना साखळीला वाचनालयात बसवलं. पहिल्या अमावास्येला त्यांनी रजा मागितली, ती नाकारली गेली. पुढच्या वेळी न विचारता गेले, तर दुसऱ्या दिवशी हातात ताकीद पडली. अमावास्यांची ओळ तुटली ती तुटलीच. गोकुळदास मार्चात पक्का झाला. पेढे घेऊन तो चोपड्याला गेला, तर सुमंगलाबाईंनी दारातच पुडा घेतला, त्याच्यासमोर उघडला आणि कोंबड्यांना टाकला. 

रघुनाथांनी मात्र अर्जावर अर्ज केले. दीड वर्षाने वरून उत्तर आलं, की गॅझेट ग्राह्य आहे, नकाशा दुरुस्त करावा. दुरुस्ती गोकुळदासनेच करायची होती. रघुनाथ त्याच्या खोलीत येऊन शेजारी बसले. गोकुळदासने ती ओळ लिहिली. दोन ठिपके एकमेकांकडे सरकले, एक झाले, आणि जो ठिपका उरला तो जुन्या परबएवढाच बारका होता.

रघुनाथांना उमजेना. गोकुळदासने शांतपणे समजावलं. स्वतःच स्वतःचा आधार घेतला तर तो मोजत नाहीत. शापोऱ्याच्या खुब्यांवर जगात दुसरं कोण लिहितंय? पोरोबोला मोठा केला होता परबनेच. दोघे एकच ठरले, तशा त्या साऱ्या रेघा पुसल्या गेल्या.

"म्हणजे बघा, सर," तो म्हणाला, "तेव्हा मी खरं बोललो असतो तरी खोल्या बंदच झाल्या असत्या. उलट तेव्हा तुमचं निदान अर्धं नाव तरी मोठं होतं."

रघुनाथांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"ह्यात खुबे खंय आसत?"

"हा माणसांचा नकाशा आहे, सर."

"मगे तुजो ठिपको दाखय."

गोकुळदासने दाखवला. नकाशे कसे काढावेत यावर त्याने एक लेख लिहिला होता, त्याचा आधार पन्नासेक जणांनी घेतला होता. ठिपका सुपारीएवढा होता.

"बरो वाडलो रे," रघुनाथ म्हणाले, आणि वाचनालयात जाऊन बसले.

रघुनाथ परब ४ फेब्रुवारी २०१२ रोजी चोपड्याला राहत्या घरी वारले. त्यांचं वय सत्तावन्न होतं.