झुंबरबाईची पाठवणी

“भाऊ, नाव तर दिसी ऱ्हायनं. मंग गानं कथं गयं?”

कमलबाईंनी पडद्याला बोट टेकवलं. कौतिकनं पुन्हा बटण दाबलं. काळी चौकट उघडली ती काळीच राहिली. फाइलचं नाव ‘झुंबरबाईची पाठवणी’, तारीख बरोबर, आकारही चांगला भरभक्कम. आत मात्र ना चित्र, ना आवाज.

कौतिक भडगावातला जुना लग्नाचा शूटिंगवाला. कमलबाईंच्या लेकीच्या, रूपाच्या, लग्नाचं शूटिंग त्यानंच केलं. पाठवणीला रूपाची आजी, झुंबरबाई, गायली, आणि मांडवातला एकही डोळा कोरडा राहिला नाही. मग म्हातारी अचानक गेली. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता, म्हणून दिवसकार्य उरकताच तिची लेक कमलबाई दुकानात आली होती.

लग्नानंतर कौतिकनं कॅमेऱ्याच्या कार्डावरचं सगळं कॉम्प्युटरवर घेतलं होतं. हिरवी पट्टी भरली, नाहीशी झाली. झालं काम! त्यानं कार्ड रिकामं करून कॅमेऱ्यात घातलं, भिंतीवरचा विजेचा मेन स्विच खाली ओढला आणि त्याला नमस्कार केला. वडिलांच्या काळी वायर जळून दुकानाचा कोळसा झाला होता. तेव्हापासून बाहेर पडताना आधी मेन पाडायचा, ही घरची रीत. कॉम्प्युटर वेगळा बंद करायचा असतो हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण दारात धुळ्याच्या लग्नाची गाडी हॉर्न वाजवत होती. धुळ्याच्या हळदीचं शूटिंग त्याच कार्डावर, जुन्याच्या जागी चढलं.

आता त्यानं कमलबाईंसमोरच जळगावला ललितला फोन लावला. कॉम्प्युटर बिघडला की सगळे त्यालाच गाठायचे.

“भाऊ, पट्टी भरली म्हणजे डिस्कवर उतरलं असं नाही. माल आधी मेमरीत राहतो, मग सावकाश खाली उतरतो. तुम्ही मधेच लाइट पाडली. शेवटची फाइल मेमरीतच राहिली आणि लाइटबरोबर गेली.”

“मग नाव कसं आलं?”

“नाव आणि जागा यांची नोंद डिस्क आधी करून ठेवते. लाइट गेली तर ती नोंद वाचून सगळं सावरते. पण आतल्या मालाची नोंद नसते.”

“अरे, पण कॉम्प्युटर झालं म्हणाला ना!”

“त्याचं तसंच असतं, भाऊ.”

झालं म्हणून सांगायचं आणि झालेलं नसायचं, ही कुठली तऱ्हा? पण समोर कमलबाई बसल्या होत्या, आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती.

“अक्का, लगीनमा आहेर लिखतस ना? नाव वहीमा चढस, पातेलं मांडवमाच ऱ्हाई जास. तसं व्हयनं. चूक मनी शे.”

“मंग मांडवमा जाईसन देख ना, भाऊ.”

“तो मांडव उठी गया, अक्का.”

कमलबाईंनी पडद्यावरच्या त्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “माले ते दी दे.”

“त्यामा काहीच नही.”

“मनी मायनं नाव शे ना? दे.”

कौतिकनं पेनड्राइव्ह लावला. मुकं गाणं चढू लागलं. खऱ्याला लागला असता तेवढाच वेळ त्यालाही लागला. पट्टी भरली तसा कमलबाईंनी हात पुढं केला.

“थांब, अक्का.”

पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकायचा थांबला. कौतिक आणखी थोडा थांबला. मग तो हळूच काढून त्यानं त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो पदराच्या गाठीत बांधला आणि त्या उंबरा उतरल्या. दुकान बंद करायची वेळ झाली होती, पण आज कौतिकचा हात आधी मेनकडं गेला नाही.