बाहेरून लागणारी कडी

मी एक जुनी कडी आहे. लोखंडाची, तीन दुव्यांची, हातोड्याखाली घडलेली. दुकानात कागदात गुंडाळून मिळणाऱ्या पातळ खिट्यांशी माझी बरोबरी करू नका. लोहारानं मला तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं, पुन्हा तापवलं आणि म्हणाला, माणसं जातील पण ही राहील. खरं बोलला मेला. राहिले.

मित्रांनो, मी शाळा शिकलेली नाही. शाळेच्या मागं चार वर्षं लटकले, तेवढंच माझं शिक्षण. गोड करून सांगायची मला सवय नाही, तेव्हा जसं घडलं तसं ऐका.

माझी पहिली तीस वर्षं गावातल्या सुईणबाईंच्या पुढच्या दारावर गेली. कुणाची लेक अडली, कुणाची सून घाबरली की घरचं माणूस धावत यायचं आणि मला वाजवायचं. एकदा वाजले की आत हालचाल, दुसऱ्यांदा वाजले की पायांचा आवाज. तिसऱ्यांदा वाजायची वेळ सहसा येत नसे. निम्मा गाव माझ्या आवाजावर जन्मला म्हणा ना. त्याचा मला तोरा होता, आणि का नसावा?

मग सुईणबाई गेल्या. त्यांच्या मुलानं दार बदललं, बटण दाबलं की टिंगटिंग करणारी घंटी बसवली आणि मला भंगाराच्या पोत्यात टाकलं. तिथून मला उचललं त्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईनं. ती मला ओळखत होती. तिच्या लेकीच्या वेळेस तिचा नवरा अनवाणी धावत आला होता आणि त्यानं मला असं काही बडवलं होतं, की माझा एक दुवा आजही वाकडा आहे. ती म्हणाली, ही कडी मला द्या, शाळेत लागेल.

कारण पहाटेची भांडी झाली की ती शाळा झाडायची, आणि शाळेतला मुलींचा संडास धुवायची. दार ढकलून कुत्री आत शिरायची आणि तिनं धुतलेलं सगळं घाण करून ठेवायची. आतली खिटी तर केव्हाच तुटली होती. गुरुजींनी त्यासाठी वर अर्ज लिहिला होता, तो कुठल्या फायलीत झोपला देव जाणे. सुतार आला तेव्हा त्यानं विचारलं, कडी आतून लावू की बाहेरून? बाई हसली. म्हणाली, "बाहेरून लाव बाबा. कुत्रं काय आत जाऊन कडी लावून बसणारे?" सुतारही हसला. दाराच्या वरच्या अंगाला, मोठ्या माणसाच्या हाताला येईल अशी त्यानं मला ठोकली. कडी एक आणि दाराला बाजू दोन. कुत्र्यांचा बंदोबस्त झाला, पोरींचा राहिला. तिथं उभ्या असलेल्या तिन्ही शहाण्यांना ते सुचलं नाही. तिसरी शहाणी मी.

आता पोरींची रीत ऐका. आत खिटी नाही म्हणून एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. मग उलट. जिला मैत्रीण आहे तिचं निभायचं. जिला नाही तिनं काय करायचं, हा हिशेब कुणाच्या पुस्तकात नव्हता.

त्या बाईची लेक, तीच, जिच्यासाठी मी वाकडी झाले, नऊ वर्षांची झाली होती आणि त्याच शाळेत होती. बोलताना अडखळायची. शब्दाचं पहिलं अक्षर तिच्या ओठावर येऊन बसायचं आणि पुढचं काही केल्या निघायचं नाही. एके दिवशी हजेरीला तिला 'हजर' म्हणता येईना. एका गुरुजींकडे तीन वर्ग, घसा सुकलेला, वैतागलेला माणूस. म्हणाले, "चला, आपली मालगाडी येईपर्यंत पुढची नावं घेऊ." वर्ग खिदळला. गुरुजी विसरले. पोरं कशी विसरतील? तिचं नाव मालगाडी पडलं ते पडलं.

त्यात आई संडास धुणारी. हिच्या बाकावर बसायला कुणी तयार नसे. मग दार धरायला कोण येणार? एकदा ती माझ्यापुढं उभी राहून वाट बघत होती, तेव्हा एक जण म्हणाली, तुझ्या आईलाच बोलव की धरायला, तिचंच दुकान आहे हे. पोर परत फिरली. त्या दिवसापासून तिनं शाळेत पाणी पिणंच सोडलं.

हे मला कसं कळलं? आई सकाळी फरशी घासताना स्वतःशी बडबडायची. बाटली भरून देते, भरलेली परत आणते, पोटात दुखतं म्हणते, हिला झालंय तरी काय. मी वरून ऐकायची. मला माहीत होतं काय झालंय. पण कडी वाजवल्याशिवाय वाजत नाही.

पोरींमध्ये एक थोरली होती. दोनदा त्याच वर्गात राहिलेली, सगळ्यांपेक्षा हातभर उंच. मामा-मामीकडे वाढत होती. तिचं ऐकायला हवं असा नियम नव्हता, पण ऐकायच्या सगळ्या. तीच थोरली अधूनमधून एकटी आत यायची, पाठ लावून दार दाबून धरायची आणि आवाज न करता रडायची. दंडावर मामीच्या बोटांचे वळ असायचे. डोळे पुसून बाहेर पडली की पहिल्या दिसेल त्या बारक्या पोरीला चिमटा काढायची. म्हणून तिनं केलं ते बरोबर, असं मी म्हणत नाही. मी दाराच्या दोन्ही बाजू ऐकल्या आहेत, एवढंच सांगते.

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मालगाडी भिंतीला टेकून उभी होती. चेहऱ्यावरून कळत होतं की तिला आता धीर धरवत नाही. थोरली जवळ आली आणि मऊ आवाजात म्हणाली, "जा तू आत. मी धरते."

पोरीचा चेहरा काय उजळला म्हणून सांगू. तिला कुणीतरी 'मी धरते' म्हणालं होतं. ती आत गेली. थोरलीनं टाचा उंचावल्या आणि मला कोयंड्यात अडकवलं. चार पोरी तोंडावर हात दाबून पळाल्या. थोरलीही पळाली.

आधी आतून हलकेच दार ओढलं गेलं. मग जोरात. मग थापा पडू लागल्या. ओरडली का नाही, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. अहो, जिला 'हजर' म्हणता येत नाही ती 'उघडा' कसं म्हणेल? तिच्या तोंडून नुसता 'उ' निघत होता. लांब, तुटका, पुन्हा लांब. आणि मी खडखडत होते. आयुष्यात इतकी कधी वाजले नाही.

आम्ही वर्गापासून पन्नास पावलांवर, भिंतीच्या आड. गुरुजींच्या खुर्चीवरून आम्ही दिसत नव्हतो, ऐकूही येत नव्हतो. पण त्या दुपारभरात सहा पोरी दारापाशी आल्या. मी मोजल्या. आवाज ऐकला, थबकल्या, इकडंतिकडं बघितलं आणि आल्या तशा गेल्या. थोरली आपल्यालाही कोंडेल, ही भीती. एक पहिलीतली चिमुरडी तेवढी थांबली. तिनं उड्या मारून बघितल्या, पण तिचा हात माझ्यापर्यंत पोचला नाही. मग तीही गेली. वर्गात गुरुजींनी विचारलं म्हणे, मालगाडी कुठं गेली? कुणीतरी म्हणालं, यार्डात. हशा झाला. गुरुजीही हसले आणि फळ्याकडं वळले.

शाळा सुटली, आवार रिकामं झालं, तेव्हा लेक घरी आली नाही म्हणून आई शोधत आली. तिनं दुरूनच माझा आवाज ओळखला. धावत येऊन मला काढलं. पोर कोपऱ्यात बसली होती, फ्रॉक भिजलेला, तळहात लाल झालेले. आईनं तिला उचललं नाही आधी. ती माझ्याकडंच बघत राहिली. मग म्हणाली, "मीच लावली गं ही. माझ्या हातानं."

दुसऱ्या दिवशी ती गुरुजींसमोर उभी राहिली. गुरुजी म्हणाले, पोरं आहेत, चेष्टा करतात, मनावर घेऊ नका. बाईनं आवाज चढवला नाही. "गुरुजी, नाव तुम्ही ठेवलंत," ती म्हणाली. "पोरींनी नुसती हाक मारली." गुरुजींनी वर्गात चौकशी केली, तेव्हा कुणीतरी थोरलीकडं बोट दाखवलं. मग त्यांनी थोरलीला सगळ्यांसमोर छडी मारली आणि प्रकरण मिटलं असं समजले. घरी मामीनं राहिलेलं पुरं केलं. आता थोरलीशीही कुणी बोलत नाही. तिचंही दार धरायला कुणी नाही.

बाईनं सुताराला बोलावून मला उपटलं आणि दाराच्या आतल्या बाजूला, पहिलीतल्या पोरीचा हात पोचेल इतक्या खाली लावून घेतलं. जुन्या जागी चार भोकं राहिली आहेत. कुत्री पुन्हा येतात. येऊ देत, ती म्हणाली, मी दोनदा धुईन.

आणि तिची लेक? ती शाळेत येत नाही. सकाळी शाळा भरायच्या आधी आईबरोबर येते, बादली उचलते, पाणी ओतते. घंटा वाजायच्या आत भिंतीमागच्या वाटेनं निघून जाते. जाण्याआधी एकदा आत येऊन मला लावून बघते, काढून बघते, पुन्हा लावते. आई सांगत होती, आता पोटात दुखत नाही, पाणी भरपूर पिते. शाळेत जायचं नसतं ना.

मित्रांनो, मी लोखंड आहे. ज्या बाजूला ठोकाल तिथं राहीन आणि जो हात लावील त्याचं ऐकेन. तुमचं तसं नाही. तुमच्या शाळेतही दाराशी वाट बघत उभी असलेली कुणी असेल. तिच्यासाठी दार धरा. गप्पा मारायला नको, गळ्यात गळा घालायला नको, नुसती पाठ करून उभे राहा. तुमचा हात वर पोचत नसेल, तर ज्याचा पोचतो त्याला ओरडून बोलवा. माझ्या दारावरून सहा जणी परत गेल्या. त्यांच्यातल्या एकीनं जरी हाक मारली असती, तरी आज हजेरीत एक नाव जास्त असतं. उशिरा आलं असतं, पण आलं असतं.