माझ्या पोटावरची नावं

मित्रांनो, मी एक जुना चषक आहे. काही काळ माझ्यात देवापुढची फुलं होती म्हणून मला हात जोडायची घाई करू नका; आधी माझी हकिकत ऐका. लोक मला चांदीचा म्हणतात. खरं म्हणजे आत पितळ आहे आणि वर चांदीचा मुलामा. झाकायचं ठरवलं की किती पातळ थर पुरतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. मला घडवणाऱ्या कारागिरानं माझ्या कडेला एक उडणारं कबूतर कोरलं. त्याचं पीस न् पीस इतकं सुरेख उतरलं होतं की मला वाटलं, पाखरांवर माया करणाऱ्या कुणाला तरी मी मिळणार. प्रत्यक्षात मी पोचलो लेस्टरजवळच्या एका खेड्यातल्या शिकार क्लबात. तिथे दर फेब्रुवारीत स्पर्धा असे. संध्याकाळी रानकबुतरं झाडांवर मुक्कामाला परतत आणि खाली माणसं बंदुका घेऊन उभी असत. मग पडलेली पाखरं दहा-दहाच्या ओळीत मांडून मोजायची. ज्याची जास्त, त्याला मी. त्याचं नाव, साल आणि पाखरांचा आकडा माझ्या पोटावर कोरला जाई.

मित्रांनो, तेव्हा मला वाईट वाटत होतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. टाळ्या वाजत, माझ्यात बिअर ओतली जाई, फोटो निघत, आणि मी मिरवत असे. एका वर्षी ओळीतल्या एका कबुतराचा पंख हलत होता. मोजणाऱ्यानं तो पाहिला, 'चौऱ्याऐंशी' म्हणाला आणि पुढे गेला. मीही पाहिला. त्या संध्याकाळी मी नेहमीइतकाच चमकत होतो. तेच आजही मनाला खातं.

पुढे शेवटचा विजेता वारला. त्याच्या घरून कुणीतरी माझी लाकडी बैठक, तिच्यावरच्या पाटीसकट, काढून घेतली आणि मला दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमध्ये देऊन टाकलं. तिथे काळा पडलेला मी धम्मशीलाच्या हाती लागलो. ही मूळची नागपूरची, लेस्टरच्या एका हॉस्पिटलात नर्स. तिनं मला घरी नेऊन धुतलं, पांढरी फुलं घातली आणि बुद्धमूर्तीपुढे ठेवलं. रोज सकाळी ती पंचशील म्हणे. त्यातलं पहिलंच शील जीवहत्येपासून दूर राहण्याचं. ते कानावर पडलं की त्या फुलांआड तोंड लपवावंसं वाटे.

पोटावरच्या नावांचं त्या घरात कुणाला नवल वाटलं नाही. आपल्याकडे भांडं भेट द्यायचं तर त्यावर नाव घालतातच. धम्मशीलाच्या आई चंदाबाई सहा महिन्यांसाठी नागपूरहून आल्या, त्यांनी तर बघताक्षणी निकाल दिला.

"चर्चमधलं हाय हे. ज्यानं दान देल्लं त्याचं नाव, अन् किती देल्लं ते. आपल्या विहारातल्या पंख्यावर नाही का तुह्या बाबाचं नाव?"

"असेल गं आई. माझी शिफ्ट आहे, मी पळते," धम्मशीला म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

चंदाबाईंना काळं भांडं बघवत नसे. चिंच आणि तारेची घासणी घेऊन त्या रोज माझ्यामागे लागत. जुनी नावं हातानं खोल कोरलेली होती, ती टिकली. नवी मशीननं वरवर ओढलेली, ती पुसट होत चालली. आणि मी सुखावत होतो, मित्रांनो. वाटायचं, घासा बाई, आणखी घासा, एकदाचं सगळं जाऊ दे.

त्याच दिवसांत धम्मशीलाला गावाबाहेरच्या पायवाटेवर छर्रे लागलेलं एक रानकबूतर सापडलं. स्कार्फमध्ये गुंडाळून ती त्याला गाडीपर्यंत आणत होती, तेवढ्यात ते तिच्या हातातच गेलं. चौकशी केल्यावर तिला स्पर्धेचं कळलं. पिंजऱ्यातली पाखरं उडवून मारायला या देशात शंभर वर्षांपूर्वीच बंदी आली. रानातल्यांच्या वाट्याला ती आलीच नाही. शेत राखायला पाखरं हाकलणं वेगळं आणि चषकासाठी ढीग रचणं वेगळं, असं सांगत ती सुट्टीच्या दिवशी शहरातल्या क्लॉक टॉवरपाशी बंदीसाठी सह्या गोळा करू लागली. सह्या बऱ्याच झाल्या. पण क्लबनं लेखी कळवलं की पंधरा वर्षांपासून आमच्याकडे पाखरांऐवजी फक्त हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडतात. तिनं एमपींची, म्हणजे तिथल्या खासदारांची, भेट मागितली, तेव्हा त्यांच्या ऑफिसनं तिच्याकडे पुरावा मागितला.

भेटीच्या आदल्या दिवशी ती माझ्यासमोर बसून आईला म्हणाली, "उद्या अपॉइंटमेंट आहे आणि माझ्याकडे प्रूफ काहीच नाही. ते म्हणतील, कुठे होतात अशा स्पर्धा? मी काय दाखवू?"

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. मला तोंड नव्हतं हे खरं. पण असतं तरी उघडलं असतं का, याची मला खात्री नाही.

त्या दुपारी सह्यांचे कागद घेऊन जोनबाई आल्या. निवृत्त शिक्षिका, त्याच खेड्यात राहणाऱ्या, धम्मशीलाच्या स्टॉलवर न चुकता उभ्या राहणाऱ्या. चहा झाला. चंदाबाईंनी नुकत्याच घासलेल्या मला कौतुकानं पुढे केलं. जोनबाईंनी चहाचा कप बाजूला ठेवला. त्यांनी मला खिडकीशी नेऊन तिरपं धरलं आणि बोट फिरवत सर्वांत खालच्या ओळीवर आल्या. तिथे आता काहीच नव्हतं.

त्यांना गप्प राहता आलं असतं. गप्प राहा बाई, असं मीच मनात म्हणत होतो.

"इथे माझ्या नवऱ्याचं नाव होतं," त्या इंग्रजीतून म्हणाल्या. "माल्कम. तीन वर्षांपूर्वी, दोनशे सत्तावीस पक्षी. तो गेल्यावर हा कप मीच देऊन टाकला. माझ्याच्यानं तो बघवेना. बैठकीवर क्लबचं नाव होतं, ती तेवढी ड्रॉवरमध्ये लपवून ठेवली."

धम्मशीलानं हे आईला सांगितलं. चंदाबाईंनी मला हातात घेऊन ती कोरी ओळ बोटानं चाचपली.

"मले वाटे, मी दान देणाऱ्याईचं नाव उजळतो. हे त मारल्या पाखराईचे आकडे होते. अन् जे नाव तुले पाहिजे होतं, तेच मी पुसलं."

"आई, तुला काय माहीत? मी तर इंग्रजी वाचते, मीही नीट बघितलं नाही," धम्मशीला म्हणाली. तिनं फुलं काढून ताटलीत ठेवली, माझ्यातलं पाणी कुंडीत ओतलं. मग हळूच म्हणाली, "पण जोन, पंधरा वर्षांतली सगळी नावं गेली. आता हा नुसता जुना कप."

"अक्षरं गेली," जोनबाई म्हणाल्या. "मी आहे."

दुसऱ्या दिवशी एमपीच्या टेबलावर मला माझ्या बैठकीत बसवलं. पाटीवर क्लबचं नाव आणि 'सर्वाधिक पक्षी' हे शब्द. जोनबाईंनी वरची नावं वाचली, मग त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून नवऱ्याचं नाव, साल आणि आकडा वाचला. त्या कुठेही अडखळल्या नाहीत. चाळीस वर्षं ज्याच्यासोबत संसार केला, त्याचं नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं असं सांगितलं आणि तशा लेखी जबाबाखाली सही केली. एमपींनी सगळं लिहून घेतलं आणि संसदेत प्रश्न मांडण्याचं कबूल केलं. बंदी अजून आलेली नाही. सह्या चालू आहेत.

मी आता बुद्धमूर्तीपुढे नसतो, सह्यांच्या टेबलावर असतो. चंदाबाईंनी परत जाण्याआधी मला एकदा हातात घेतलं, नुसतं कोरड्या फडक्यानं पुसलं आणि ठेवून दिलं.

माझ्यासारखी भांडी आपल्या हकिकतीच्या शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला घासा, लख्ख ठेवा. मी म्हणतो, मला काळाच राहू द्या. उरलेली नावं वाचता येऊ देत, त्यातलं पहिलं माझंच धरा. मात्र एक मागणं आहे. क्लबनं म्हणे नवा चषक घेतलाय, येत्या फेब्रुवारीसाठी. तोही माझ्यासारखाच टाळ्यांना भुलेल. मित्रांनो, त्याचं पोट अजून कोरं आहे. ते तसंच राहील एवढं बघा.